निकाह, तलाक आणि असफ फैजी

रमजानचा चंद्र दिसला की मशिदीतल्या इमामसाहेबांकडे आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या आपांकडे प्रश्नांची रीघ लागते. रोज्यात स्वयंपाक करताना सालनाचे मीठ जिभेवर घेऊन पाहिले तर चालते का? मासिक पाळीत सुटलेले रोजे कधी भरायचे आणि त्या दिवसांतल्या नमाजांचे काय? अंगावर पिणारे मूल असेल तर? माहेरहून मिळालेल्या दागिन्यांची जकात कोणी द्यायची, नवऱ्याने की बायकोने?

या प्रश्नांची उत्तरे फिकहच्या जुन्या किताबांत आहेत. पाळीतली नमाज माफ आहे. रोजे मात्र पुढे सवडीने भरून काढायचे. दूध पाजणाऱ्या आईला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर तिलाही सवलत आहे. दागिना जिचा, जकातही तिचीच, कारण मालकी तिची आहे. मिठाच्या बाबतीत हनफी किताबांत एक बोलकी सवलत सापडते. नवरा मिठावरून संतापणारा असेल, तर बाईने जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकावी, रोजा तुटत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांना चुलीजवळचे हाल चांगले ठाऊक होते, असे यावरून दिसते.

पण एक प्रश्न असा आहे, जो चारचौघांत विचारला जात नाही. तरावीह संपल्यावर, घर रिकामे झाल्यावर, खालच्या आवाजात येतो. नवरा नांदवत नाही, खर्चाला देत नाही, आणि तलाकही देत नाही. चार वर्षे माहेरी बसलेल्या मुलीने काय करायचे? कुरआनने अशी स्त्री अधांतरी लटकती ठेवू नका, असे पुरुषांना बजावले आहे. तरीही भारतातल्या हजारो मुस्लिम स्त्रिया पिढ्यानपिढ्या तशाच लटकत राहिल्या. त्यांच्या सुटकेचा रस्ता शरियतच्याच किताबांत आहे, हे दाखवून देणाऱ्यांत महाराष्ट्राच्या मातीतला एक माणूस होता. त्यांचे नाव असफ अली असगर फैजी.

फैजींचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरानला झाला. घराणे मुंबईचे, सुलेमानी बोहरा पंथाचे. मुंबईच्या तय्यबजी घराण्याशी त्यांचे नाते होते. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी त्याच गोतावळ्यातले. या घरांतल्या मुली त्या काळात शिकत होत्या, लिहीत होत्या, प्रवास करत होत्या. अतिया फैजी, जोहरा फैजी आणि जंजिऱ्याच्या नवाबाशी विवाह झालेल्या नाजली बेगम या तिघी बहिणी याच फैजी घराण्यातल्या. नाजली बेगमना मूल झाले नाही आणि पुढे तो विवाह मोडला. शिकलेल्या, श्रीमंत घरातल्या बाईचीही गाठ शेवटी निकाह आणि तलाकच्या कायद्याशीच पडते, हे या घराने जवळून पाहिले होते.

असफ यांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात झाले. अरबीवर त्यांची घट्ट पकड बसली. बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९२६ पासून मुंबईत वकिली करू लागले. त्यांच्याकडे दोन किल्ल्या होत्या. इंग्रजी कायद्याची एक आणि अरबी फिकहची दुसरी. त्या काळच्या वकिलांपैकी बहुतेकांकडे पहिलीच होती, आणि आलिमांपैकी बहुतेकांकडे दुसरीच. न्यायालयात मुस्लिम कायदा चालत असे तो इंग्रज न्यायाधीशांच्या निकालांतून आणि इंग्रजीत झालेल्या मोजक्या अनुवादांतून. वकिलांच्या टेबलावर असायचे ते दिनशा मुल्ला या पारशी कायदेपंडिताचे पुस्तक. ते उत्तम होते, आजही आहे. तरी मूळ अरबी ग्रंथ उघडून, हा नियम कुठून आला आणि त्याला दुसरी वाट आहे का, हे तपासणारे थोडेच होते.

ते तपासणे किती गरजेचे होते, हे दोन निकालांवरून कळते. पहिला १८४७ चा. खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुरआनने दिलेला वाटा मागितला. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजात मुलींना वाटा न देण्याची रूढी आहे, आणि रूढीच चालेल. दुसरा निकाल १९०५ चा, तोही मुंबईचाच. नवऱ्याने बायकोच्या गैरहजेरीत एकदम तीन तलाक दिले. न्यायालयाने तो तलाक कायदेशीर ठरवला. धर्माच्या दृष्टीने हे वाईट आहे, हे न्यायाधीशांनाही मान्य होते. म्हणजे मुलीच्या फायद्याची कुरआनची आयत आली तेव्हा रूढी जिंकली, आणि बाईच्या तोट्याची फकीहांची तरतूद आली तेव्हा शरियत जिंकली. दोन्हीकडे हरली ती बाईच.

पुढे योगायोग असा की १९३८ मध्ये फैजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांना मिळालेल्या प्राध्यापकपदाचे नाव होते पेरी प्रोफेसर. त्याच सर अर्स्किन पेरींच्या नावाचे. त्यांच्या आधी ते प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले होते. फैजी १९४७ पर्यंत तिथे होते.

नवरा नांदवत नाही आणि सोडतही नाही, हा प्रश्न १९३० च्या दशकात फार तीव्र झाला होता. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी. हनफी फिकहमध्ये स्त्रीला न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याची कारणे अगदीच थोडी होती. नवरा बेपत्ता झाला, तर त्याच्या बरोबरीची माणसे मरेपर्यंत, काहींच्या मते तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत, बाईने वाट पाहायची. खर्च न देणारा, मारणारा, तुरुंगात पडलेला नवरा असला तरी काझी निकाह मोडू शकत नव्हता. आपल्या मराठवाड्यातही चलती होती ती हनफी मताचीच. ज्या औरंगजेबाच्या हुकमाने फतावा-ए-आलमगिरी हा हनफी निवाड्यांचा प्रचंड ग्रंथ तयार झाला, त्याची कबर खुलताबादला आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

यातून एक भयंकर वाट निघाली. बाईने इस्लाम सोडला की निकाह आपोआप तुटतो, असे न्यायालये मानत असत. नवऱ्यापासून सुटण्यासाठी काही स्त्रिया, विशेषतः पंजाबात, धर्मांतराचा अर्ज देऊ लागल्या. ईमान जाऊ नये म्हणून रोजा-नमाजाची जपणूक करणाऱ्या समाजात, जुलमी नवऱ्यापासून सुटायला ईमानच गहाण ठेवावे लागत होते. देवबंदी परंपरेतले थोर आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांना हे सहन झाले नाही. बायकांच्या रोजच्या मसाइलांवर बहिश्ती जेवर हा घराघरांत वाचला जाणारा ग्रंथ त्यांचाच. त्यांनी मालिकी मताच्या आलिमांकडून फतवे मागवले आणि दाखवले की गरजेच्या वेळी हनफी मुसलमानाला इमाम मालिक यांचे मत स्वीकारता येते. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्याची मुदत चार वर्षांची आहे, आणि खर्च न देणे किंवा छळ करणे ही निकाह मोडण्याची पुरेशी कारणे आहेत.

थानवी मदरशातले, फैजी मुंबईच्या न्यायालयातले. दोघांची विचारसरणी फार वेगळी, पंथही वेगळे. तरी एकाच वेळी दोघे एकाच प्रश्नावर काम करत होते. फैजींनी १९३६ मध्ये बॉम्बे लॉ रिपोर्टर या नियतकालिकात मुस्लिम पत्नीच्या विवाहविच्छेदाच्या हक्कावर लेख लिहिला. इंग्रजी न्यायालये जो मुस्लिम कायदा म्हणून लावतात तोच पूर्ण इस्लामी कायदा नव्हे, आणि बाईची बाजू त्यात अधू राहिली आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

मुळात निकाहातून बाहेर पडायचा स्त्रीचा हक्क नवा नव्हता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर साबित बिन कैस यांची पत्नी आली. नवऱ्याच्या वागण्यात किंवा दीनात तिला काही खोट दिसत नव्हती, फक्त त्याच्याबरोबर राहणे तिला शक्य नव्हते. प्रेषितांनी तिला एवढेच विचारले की महरमध्ये मिळालेली बाग तू परत करशील का. ती तयार झाली, बाग परत गेली, निकाह संपला. खुला म्हणतात तो हाच. बरीरा ही मुक्त झालेली दासी आपल्या नवऱ्याकडे राहायला तयार नव्हती. तो मदिनेच्या गल्ल्यांत रडत फिरत होता. प्रेषितांनी त्याच्यासाठी रदबदली केली, तेव्हा तिने हा हुकूम आहे की शिफारस, असे विचारले. शिफारस आहे म्हटल्यावर तिने नकार दिला, आणि तो नकार मान्य झाला. ज्या समाजाला ही उदाहरणे पाठ आहेत, त्याच समाजात बाईला नव्वद वर्षे वाट पाहायला कोणी सांगावे, हे आश्चर्यच.

काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले विधेयक १९३९ मध्ये मंजूर झाले. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा तो हा. नवरा चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, सात वर्षांची किंवा त्याहून जास्त कैद, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य टाळणे, छळ, बालपणी लावून दिलेला निकाह मुलीने मोठी झाल्यावर नाकारणे, अशी कारणे त्यात आली. धर्म सोडल्याने निकाह आपोआप तुटणार नाही, हेही त्यात घातले. न्यायाधीश मुस्लिमच असावा, अशी उलेमांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि त्यावर नाराजी राहिली. फैजींनी पुढे या कायद्याचे कलमन् कलम विद्यार्थ्यांना आणि वकिलांना उलगडून सांगितले. १९४९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे आउटलाइन्स ऑफ मुहमदन लॉ प्रसिद्ध केले. त्यांच्या हयातीतच त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि २००८ मध्ये ताहिर महमूद यांनी संपादित केलेली पाचवी.

या पुस्तकात निकाहाचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. निकाह म्हणजे केवळ दिवाणी करार, असे इंग्रज न्यायाधीश म्हणत आणि पुढे जात. फैजी तिथे थांबतात. निकाहाला कायद्याची, समाजाची आणि धर्माची अशा तीन बाजू आहेत, असे ते सांगतात. कायद्याच्या बाजूने तो करार आहे, म्हणून त्यात संमती लागते आणि शर्ती घालता येतात. धर्माच्या बाजूने ती सुन्नत आहे, म्हणून तो बाजारातला सौदा होऊ शकत नाही. महरविषयी त्यांनी भारतातला व्यवहार ओळखला होता. नवऱ्याने उठसूट तलाक देऊ नये म्हणून मोठी महर बांधायची रीत इथे आहे, ती महर एका अर्थी बाईचे कुंपण आहे. हैदराबाद संस्थानात वाढलेल्या घरांना हे नवे नाही; तिथल्या निकाहनाम्यांत महर रुपयांबरोबर दीनार-ए-सुर्ख म्हणजे सोन्याच्या दीनारांतही लिहिली जात असे. ती लिहिली किती जाते आणि हातात किती पडते, हा वेगळा विषय.

देश स्वतंत्र झाल्यावर फैजींच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १९४९ मध्ये ते भारताचे राजदूत म्हणून इजिप्तला गेले. राजदूताला मेजवान्या आणि कागदपत्रे पुरतात, पण फैजींनी कैरोत आपले जुने काम पुढे नेले. दहाव्या शतकात, फातिमी खलिफांच्या काळात, काझी नोमान यांनी दआइम अल-इस्लाम म्हणजे इस्लामचे स्तंभ हा ग्रंथ लिहिला होता. इस्माईली बोहरा घराण्यांत त्याच्या हस्तलिखित प्रती जपून ठेवलेल्या होत्या, बाहेरच्यांना त्या सहसा दाखवल्या जात नसत. फैजींनी प्रती ताडून मूळ अरबी पाठ सिद्ध केला आणि १९५१ मध्ये त्याचा पहिला खंड कैरोतच छापून निघाला.  पहिल्या खंडात तहारत, नमाज, जकात, रोजा, हज अशा इबादतींचे नियम आहेत. दुसऱ्या खंडात खाणे-पिणे, कपडालत्ता, व्यापार, निकाह, तलाक, वारसा, साक्ष. माणसाचा सगळा दिवसच त्यात आला. या मतात एका बैठकीत उच्चारलेले तीन तलाक चालत नाहीत, आणि तलाकला दोन साक्षीदार लागतात.

परत आल्यावर ते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले, १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू राहिले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

ते काश्मीरमध्ये असताना इकडे गोदाकाठी एक गोष्ट घडली, तिची बातमी कदाचित कोणी वाचलीही नसेल. १९३९ चा विवाहविच्छेद कायदा ब्रिटिश भारतापुरता होता. नांदेड, लातूर, उदगीर, कंधार हा सगळा मुलूख निजामाचा. १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, पण ज्या राज्यांना राज्यघटनेने ब गटात घातले, त्यांना हा केंद्रीय कायदा लागू झाला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, तरी तीच स्थिती. एकाच राज्यात पुण्याच्या बाईला या कायद्याचा आधार होता, आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या बाईला नव्हता. १९५९ मध्ये संसदेने व्यक्तिगत कायद्यांच्या विस्ताराचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १९६० पासून १९३७ चा शरियत कायदा आणि १९३९ चा विवाहविच्छेद कायदा इथे लागू झाले. एकवीस वर्षांचा उशीर. एवढ्या अवधीत माहेरी बसलेली मुलगी प्रौढ होऊन जाते.

फैजींचे सर्वांत वादाचे पुस्तक १९६३ मध्ये आले, अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम. इबादत आणि ईमान हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला, तो कायम आहे. पण कायदा माणसांच्या व्यवहाराचा, तो काळाप्रमाणे बदलतो, म्हणून धर्म आणि कायदा वेगळे ओळखायला शिकले पाहिजे, असे त्यांनी मांडले. अनेक उलेमांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की निकाह आणि वारसा यांचे पायाभूत नियम कुरआनमध्येच आहेत, ते व्यवहाराच्या खात्यात टाकून माणसाच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. या आक्षेपात वजन आहे. फैजींनी रेघ जरा जास्तच सरळ ओढली. रोजा इबादत आहे खरा, पण त्याच रोज्यातल्या मिठाच्या चवीत नवऱ्याचा स्वभाव येतोच की. इबादत आणि संसार इतक्या सहज वेगळे होत नाहीत. मात्र फैजींचा दुसरा मुद्दा कोणालाही खोडता आला नाही. आज न्यायालयात जो मुस्लिम कायदा म्हणून चालतो, त्यातले पुष्कळसे कुरआन नाही आणि हदीसही नाही. ते फकीहांचे मत, इंग्रज न्यायाधीशांची समजूत आणि स्थानिक रूढी यांचे मिश्रण आहे. थानवींनी एका इमामाच्या मतावरून दुसऱ्या इमामाच्या मताकडे जाताना तेच तर केले होते. फक्त त्यांनी ते मदरशाच्या भाषेत केले.

१९८१ च्या ऑक्टोबरमध्ये फैजींचे निधन झाले. आपल्याकडची इस्माईली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली होती. दआइमचा इंग्रजी अनुवाद त्यांनी सुरू केला होता. तो इस्माईल पूनावाला यांनी पूर्ण केला आणि २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने ठरवले की नवऱ्याने तलाक दिला असे नुसते म्हणून भागणार नाही. तलाकला सबळ कारण होते आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला, हे त्याला सिद्ध करावे लागेल. कुरआनमधला तो मध्यस्थांचा नियम न्यायालयाच्या उंबरठ्यावर यायला इतकी वर्षे लागली. एकदम दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ मध्ये.

विष्णुपुरीत आता स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. या परिसरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना कौटुंबिक कायदा शिकताना मुल्ला आणि फैजी ही दोन नावे भेटतातच. फैजींच्या पुस्तकात तफवीजचा भाग आहे. नवऱ्याने तलाकचा आपला अधिकार काही शर्तींवर बायकोला सोपवणे म्हणजे तफवीज. दोन वर्षे खर्च दिला नाही, मारहाण केली, तिच्या मर्जीविरुद्ध दुसरा निकाह केला, तर ती स्वतःच स्वतःला तलाक देऊ शकते. न्यायालयाची पायरी न चढता सुटका मिळवण्याचे मुस्लिम पत्नीच्या हातातले हे सर्वांत प्रभावी साधन आहे, असे फैजींचे मत होते. हनफी फिकहला ते पूर्ण मान्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोर्चा लागत नाही. निकाहनाम्यात दोन ओळी लागतात.

ईद झाली की शव्वालमध्ये निकाहांची घाई सुरू होईल. मंडप, वलिमा, महरची रक्कम, सगळे ठरेल. त्या दोन ओळी लिहायच्या असतील, तर काझीसाहेब वही उघडतात आणि ईजाब-कबूल होतो, त्याच्या आधी वधूच्या वडिलांनी त्या सांगायच्या असतात. निकाहानंतरही त्या लिहिता येतात, पण तेव्हा लिहून देणारा सहसा सापडत नाही.